तुम्ही विचारलंत म्हणून: एसी का पुरत नाही

पुण्याहून कुणी आलं की प्रश्न ठरलेला. "मृग लागला की तुमचं इलेक्ट्रोस्पिनिंग बंद, नारळी पौर्णिमेनंतर चालू. ही काय मासेमारी आहे? एसी लावा की!" रत्नागिरीतल्या आमच्या प्रयोगशाळेत बसून याची तोंडी उत्तरं पुष्कळ देऊन झाली. आता एकदा नीट लिहितो. इलेक्ट्रोस्पिनिंग म्हणजे पॉलिमरचं द्रावण सुईतून सोडायचं, मोठ्या व्होल्टेजने त्याची धार ओढायची आणि फॉइलवर अतिबारीक तंतूंची चटई जमवायची. आमच्या या कामाला हवा कोरडी लागते.

एसी आहे. तो खोली गार करतो, पण कोरडी ठेवेलच असं नाही. 24 अंश झाले की कॉम्प्रेसर थांबतो, पंखा फिरत राहतो आणि कॉइलवरचं पाणी परत हवेत येतं. खरी अडचण मात्र फ्यूम हूडची, म्हणजे घातक वाफा बाहेर ओढणाऱ्या कपाटाची. पॉलिमर विरघळवणाऱ्या क्लोरोफॉर्म किंवा ट्रायफ्लुरोइथेनॉलची वाफ बाहेर काढायची तर तो बंद ठेवता येत नाही, आणि तो जेवढी हवा बाहेर फेकतो तेवढीच फटींतून आत शिरते. जुलैत 30 अंश आणि 85 टक्के आर्द्रता धरा. घनमीटरमागे सुमारे 26 ग्रॅम पाणी झालं. आपल्याला हवी 24 अंशांना 40 टक्के, म्हणजे 9 ग्रॅमच्या आत. लहानसा हूड तासाला 500 घनमीटर हवा खेचत असेल, तर तासाला साडेआठ लिटर पाणी हवेतून काढावं लागेल. घरगुती डीह्युमिडिफायर दिवसभरात 10-20 लिटर काढतो. करा हिशेब.

त्यात खारा वारा. त्याच्याबरोबर आलेलं मीठ अ‍ॅक्रिलिकच्या स्टँडवर बसतं. मे महिन्यात ती नुसती धूळ असते. आर्द्रता 75 टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून विरघळतं आणि विजेला वाट करून देतं. मग सूं-सूं आवाज येतो, सुईच्या टोकावरचा टेलर शंकू (धार जिथून निघते तो द्रावणाचा टोकदार थेंब) थरथरतो, तंतू फॉइलवर जायचे ते द्रावण ढकलणाऱ्या पंपाला गुंडाळले जातात. अशा वेळी व्होल्टेज वाढवू नका. पुरवठा बंद करा, सुई अर्थ करा, स्टँड आधी डिस्टिल्ड वॉटरने पुसा आणि मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने. नुसत्या अल्कोहोलने मीठ निघत नाही.

हे सगळं दिसतं तरी. जे दिसलं नाही त्याने जास्त नुकसान केलं.

जखमेवरच्या पट्टीसाठी पीसीएल हे कृत्रिम पॉलिमर आणि जिलेटिन निम्मं-निम्मं, ट्रायफ्लुरोइथेनॉलमध्ये 10 टक्के. दोन्ही पॉलिमर वेगळे होऊन द्रावण दुधाळ होतं, म्हणून 0.2 टक्के अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड. तासाला 1 मिलिलिटर, 12 किलोव्होल्ट, सुईपासून फॉइल 15 सेंटिमीटर. पाण्यात जिलेटिन विरघळून जाऊ नये म्हणून क्रॉसलिंकिंग (त्याचे रेणू एकमेकांना बांधणं) दोन प्रकारे करून पाहायचं होतं: ग्लुटारल्डिहाइडची वाफ की जेनिपिन. ग्लुटारल्डिहाइडच्या चटया मे महिन्यात झाल्या, जेनिपिनच्या जुलैत. जेनिपिनची चटई ताणाला मजबूत निघाली, फायब्रोब्लास्ट या जोड-ऊतीच्या पेशींचे एमटीटीचे (किती पेशी जिवंत आहेत ते सांगणाऱ्या चाचणीचे) आकडेही वरचे आले. जेनिपिन सरस, असं लिहून मोकळे झालो.

खूप उशिरा दोन्हींचे एसईएम (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचे) फोटो शेजारी ठेवले. मेच्या चटईत सुटे तंतू होते. जुलैच्या चटईत तंतू एकमेकांत विरघळलेले, जागोजाग सलग पापुद्रा. ट्रायफ्लुरोइथेनॉल पाण्यात मिसळतं आणि पाण्याने जिलेटिन मऊ पडतं. दमट हवेत तंतू फॉइलवर ओलेच पोचले आणि जिथे टेकले तिथे चिकटले. सांधे चिकटले म्हणून ताकद वाढली. सपाट पापुद्र्यावर पेशी पसरल्या, जशा प्लास्टिकच्या डिशमध्ये पसरतात, म्हणून आकडे वाढले. आम्ही मे आणि जुलैची तुलना केली होती आणि तिला जेनिपिनचं नाव दिलं होतं.

डोळ्याला कळायला हवं होतं. नीट झालेली चटई पांढरीशुभ्र, अपारदर्शक असते. सादळलेल्या चटईवर तेलाचा डाग पडलेल्या कागदासारखे अर्धपारदर्शक पट्टे दिसतात. पण जेनिपिनने जिलेटिन गडद निळं होतं. त्या निळ्यात पट्टे झाकले गेले. वहीत व्होल्टेज, अंतर, प्रवाह सगळं होतं, आणि शेवटच्या रकान्यात दोन्ही महिन्यांना एकच शब्द: "वातावरण: सामान्य". अक्षर माझं आहे.

त्यानंतर पावसाळ्यात काम बंद ठेवायचा नियम केला. तेव्हा तो शहाणपणाचा वाटला. आज मला त्यात भीतीच जास्त दिसते. खोली कोरडी करायची गरजच नव्हती. 60 सेंटिमीटर बाजूची बंद पेटी पुरते. तिच्यात मिनिटाला 10 लिटर हवा सिलिका जेलमधून सोडायची आणि बाहेर जाणारी नळी हूडमध्ये. बाहेरच्या हवेतलं पाणी तासाला साधारण 16 ग्रॅम; एक किलो जेल हिशेबाने 12 तास चालावं, प्रत्यक्षात त्याच्या निम्मेच धरा. रंग बदलला की 120 अंशांना तीन तास भाजायचं. हायग्रोमीटर पेटीत, सुईपासून लांब, आणि आकडा दर अर्ध्या तासाने वहीत. सॉल्व्हंटची उघडी बाटली पेटीत कधीही नको.

मग बंदी का उठवत नाही, हे तुम्ही विचारणारच. एक तर वीज. स्पिनिंगच्या मध्येच ती गेली की हवा थांबते आणि पेटी पुन्हा दमट होते. दुसरं म्हणजे, कोरडेपणा नेहमी हवाच असंही नाही. पीएलएलए हे दुसरं पॉलिमर डायक्लोरोमिथेन या झटकन उडणाऱ्या सॉल्व्हंटमधून दमट हवेत काढलं की झपाट्याने गार झालेल्या धारेवर दव धरतं आणि तंतूंवर बारीक खळगे उरतात. पेशींना धरायला ते सोयीचे पडू शकतात. काही ठिकाणी तंतू गोळा करणारा ड्रम मुद्दाम गोठवून हवेतल्या पाण्याचा बर्फ तंतूंमध्ये साचवतात, म्हणजे तो गेल्यावर पेशींना आत शिरण्याएवढ्या पोकळ्या राहतात. आमच्या जुलैची हवा तिथे भांडवल ठरेल. 40 टक्क्यांचा हट्ट बरोबर की चूक, यावर माझं माझ्याशीच भांडण चालू आहे.

या वर्षी दोन्ही क्रॉसलिंकरच्या चटया एकाच दिवशी, एकाच पेटीत काढल्या. त्या सिलिकाच्या पुडीसकट पाऊचमध्ये बंद आहेत. एसईएम होईपर्यंत जेनिपिनबद्दल मला विचारू नका.