तारखा जुळल्या म्हणून?

आज शिवाजीनगर कोर्टाजवळ चहाच्या टपरीवर एकच विषय. बायको गेली, नवऱ्यावर संशय. एकाने मोबाइलवर तारखाच काढून दाखवल्या: विमा कधी काढला, भांडण कधी झालं, मृत्यू कधी. "जमलं की सगळं, नवराच!"

मला राहवलं नाही. हेतू आणि वेळ जुळली की संशय बळावतो, गुन्हा सिद्ध होत नाही. आपल्या पुण्यातलाच सारडा खटला घ्या. जून १९८२, लग्नाला जेमतेम चार महिने, सायनाइडने बायकोचा मृत्यू. हेतू म्हणून नवऱ्याचे बाहेरचे संबंध पुढे आले. सेशन्स कोर्टाने फाशी सुनावली, हायकोर्टाने ती कायम केली. १९८४ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्याला सोडलं. तिच्या पत्रांतली खचलेली मनःस्थिती पाहता आत्महत्येची शक्यता पुसता येत नव्हती. परिस्थितीजन्य पुरावा, म्हणजे प्रत्यक्ष पाहणारा कुणी नसताना परिस्थितीवरून जोडलेला पुरावा, तोलायची पाच तत्त्वं त्याच निकालातली.

घरात दोघंच असतील तर नवऱ्याला खुलासा द्यावाच लागतो, हेही खरं. पण आधी पुराव्याचा पाया सरकारी पक्षाने रचायचा.

माहेरच्यांचे हाल बघवत नाहीत. म्हणूनच व्हिसेरा (तपासणीसाठी काढलेले मृतदेहाच्या आतल्या अवयवांचे नमुने), कॉल रेकॉर्ड, सोसायटीचं सीसीटीव्ही फुटेज आजच नीट सील व्हायला हवं. फुटेज काही दिवसांत आपोआप पुसलं जातं.