नुसती सुरू करून बंद

गाडी चार-सहा महिने उभी राहणार म्हटलं की सल्ला ठरलेला: "आठवड्यातून एकदा पाच मिनिटं सुरू करायची, बस्स!" किल्ली शेजाऱ्यांकडे देऊन जाणारेही एवढंच सांगून जातात. ही माया इंजिनाला मानवत नाही, असं माझं ठाम मत आहे.

पेट्रोल जळलं की पाणी तयार होतं. लिटरभर पेट्रोलमागे जवळजवळ लिटरभर. लांबच्या प्रवासात सगळं तापलेलं असतं, त्यामुळे वाफ निघून जाते आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. पण थंड इंजिन पाचच मिनिटं घुरघुरलं, तर ती वाफ सायलेन्सरच्या गार पत्र्यावर बसते, थोडी खाली ऑईलमध्ये उतरते. न जळलेलं पेट्रोल पिस्टनभोवतीच्या रिंगांच्या बाजूने झिरपून तेच ऑईल पातळ करतं ते वेगळंच. सेल्फने खाल्लेली बॅटरी तेवढ्यात भरतेच असंही नाही. सुरूच करायची, तर अर्धा-पाऊण तास रस्त्यावर फिरवून आणावी. ते जमणार नसेल तर हात लावू नये.

त्यापेक्षा नीट झोपवावी. परत आल्यावर नव्हे, जाण्याआधी ऑईल बदलावं. काळ्या ऑईलमध्ये आम्ल आणि ओल असते, ती महिनोन्‌महिने बेअरिंगला लागून राहते. उष्टी भांडी तशीच ठेवून कुणी गावाला जातं का? टाकी काठोकाठ भरावी, म्हणजे आत ओलसर हवेला जागा उरत नाही. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल पाणी ओढून घेतं आणि जुनं पेट्रोल चिकट होतं, म्हणून स्टॅबिलायझर, म्हणजे पेट्रोल खराब होऊ न देणारं द्रव्य, घालून एकदा गाडी फिरवून आणावी. ते इंजेक्टरपर्यंत पोचायला हवं. बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल आधी काढायचं. पूर्ण भरलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास असते, १२.४ च्या खाली बराच काळ राहिली की प्लेटांवर सल्फेट धरतं. हँडब्रेक ओढून ठेवू नये, चाकांना लाकडी ठोकळे लावावेत.

उंदीर हा स्वतंत्र विषय आहे. एअर फिल्टरच्या डब्यासारखी कोरडी, अंधारी, मऊ बिछान्याची जागा त्याला दुसरीकडे कुठे मिळणार? हवा आत घेणाऱ्या तोंडात आणि सायलेन्सरच्या टोकाला स्टील वूल (पोलादी तारांचा बारीक काथ्या) कोंबावं, आणि तशी चिठ्ठी स्टिअरिंगला बांधावी. चिठ्ठी विसरू नये.

मुक्काम वर्षभराचा असेल तर स्पार्क प्लग काढून प्रत्येक भोकात चमचाभर ऑईल सोडतात. मग क्रँकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या, पुलीला पाना लावून इंजिन हाताने फिरवायचं, नेहमीच्याच दिशेने. प्लगच्या भोकांतून फुस्‌ फुस्‌ हवा येते आणि ऑईल सिलिंडरच्या भिंतीला लागतं. हे केलं नाही तर रिंगा गंजून तिथेच धरतात, मग कितीही सेल्फ मारा.

उठवतानाही प्लग काढूनच, इग्निशन आणि पेट्रोलच्या पंपाची जोडणी काढून, डॅशबोर्डवरचा ऑईलचा दिवा विझेपर्यंत सेल्फ मारावा. भोकांवर फडकं टाकावं, नाहीतर आतलं ऑईल तोंडावर उडतं. मग प्लग बसवून गाडी सुरू केली की मागून निळसर, दाट धूर येतो. ते आपणच घातलेलं ऑईल जळत असतं. इंजिन गेलं म्हणून घाबरायचं नाही. शेजाऱ्यांना मात्र खिडक्या लावून घ्यायला आधी सांगून ठेवावं.