तुम्ही विचारलंत म्हणून: बांडगूळ की ऑर्किड?

शिरपूरकडे बांधावरच्या आंब्याखाली मी मान वर करून उभा राहिलो की कुणीतरी येऊन विचारतंच, "सर, हाई बांडगूळच शे ना?" परवा विचारणाऱ्या आबांच्या हातात तर आकडी होती, ओढून काढायच्या तयारीत.

शंका रास्त आहे. आंब्याच्या फांदीवर वाढलेल्या त्या ऑर्किडचं शास्त्रीय नाव व्हँडा, आणि ते आलंय संस्कृत 'वन्दा'वरून. वन्दा म्हणजे बांडगूळच! (काही वैद्य हिला रास्ना म्हणतात, काही दुसऱ्याच झाडाला. तो वाद त्यांचा त्यांना लखलाभ.) शास्त्रज्ञही सुरुवातीला फसलेच. झाडावरचं ऑर्किड दिसलं की घाला 'एपिडेंड्रम' या गटात, म्हणजे 'झाडावरचं'. लिनियसनं १७५३ साली व्हॅनिलाचा वेलही त्यातच टाकला. आपली व्हँडा १७९५ मध्ये रॉक्सबर्गनं एपिडेंड्रम म्हणूनच नोंदवली. एका वाड्यात राहतात म्हणून भाडेकरूंना भाऊबंद ठरवण्यातला प्रकार.

बांडगूळ फांदीत मुळं घुसवून रस पितं. त्याचं नातं, ऐकून नवल वाटेल, चंदनाशी. व्हँडाची मुळं सालीला नुसती धरून असतात. पांढुरकी दिसतात, पाणी पडलं की हिरवट होतात. पण एवढ्यानं ती बांडगूळ नाही इतकंच कळतं. ऑर्किड कशावरून, ते फूल सांगतं.

आबांना एक फूल तोडून दाखवलं. पिवळट पाकळ्यांवर तपकिरी चौकडी, मधली एक पाकळी जिभेसारखी, जांभळट. जास्वंदीत पुंकेसर वेगळे ओळखू येतात आणि स्त्रीकेसराची टोकंही. इथे दोन्ही एकजीव होऊन एकच आखूड खुंट झालेला. त्याच्या टोकावरची इवलीशी टोपी सुईनं उचलली, तर सुईला दोन पिवळे गोळे चिकटून आले, मोहरीएवढे. इथे पराग भुकटीसारखे उडत नाहीत, गठ्ठ्यानं जातात.

अर्थात हाही नियम सगळीकडे लागू नाही. ईशान्य भारतापासून आग्नेय आशियापर्यंत अपोस्टेशिया नावाचं एक झाड सापडतं. साधं पिवळं फूल, जीभ नाही, पराग सुटे, पुंकेसर बुडाशीच काय ते जुळलेले. ते ऑर्किड दिसतच नाही. काहींनी त्याला वेगळं कूळ काढून दिलं होतं. डीएनए तपासल्यावर ते घरचंच निघालं, आणि कुळातून सगळ्यात आधी फुटलेल्या फांदीवरचं. मला विचाराल तर व्हँडापेक्षा हेच जास्त आवडतं.

आबांनी सुई डोळ्यांजवळ नेऊन बराच वेळ पाहिली. मग आकडी शेजारच्या फांदीवरल्या हिरव्यागार झुबक्याकडे रोखली. "आणि ते?"

ते बांडगूळच होतं. म्हटलं, ते खुशाल काढा.