बीटाचा आकडा खाली येतोय

मंगळवार, रात्र

आज बीटा एचसीजीचा, म्हणजे गरोदरपणातल्या हार्मोनचा, रक्ताचा रिपोर्ट आला, 38. मागच्या वेळी 96 होता, त्याआधी चारशेच्या आसपास, आणि अगदी सुरुवातीला, पिशवी साफ करायच्या आधी, दोन लाखांच्या वर. 5 च्या खाली गेला की नॉर्मल धरतात, म्हणजे अजून थोडं राहिलंय, पण उतरतोय हे महत्त्वाचं. ह्यांना फोन केला तर नुसतं 'हं' म्हणाले, आणि दोन मिनिटांनी परत त्यांचाच फोन, अगं अडतीसच ना, नीट बघितलंस ना.

लॅबमधलं मात्र अजून अंगावर येतं. फॉर्मवर बीटा एचसीजी लिहिलेलं असतं त्यामुळे काउंटरवर कोणी नवीन असलं की हसून विचारणारच, पहिलंच का ताई, कितवा महिना. आज मी सरळ सांगून टाकलं, मोलर प्रेग्नन्सी झाली होती, त्याचा फॉलोअप आहे. त्या मुलीला काय ते कळलं नसावं पण तिचा चेहरा उतरला, आणि म्हणाली बसा ताई, तुम्हाला आधी घेते. मला उगाच भरून आलं.

मोलर प्रेग्नन्सीला द्राक्षगर्भ म्हणतात हे मला आधी ठाऊकच नव्हतं. उलट्या इतक्या की पाणी टिकत नव्हतं आणि घरात सगळे खूश, गर्भ चांगला धरलाय म्हणून. सोनोग्राफीत बाळ नव्हतंच, पिशवीभर नुसते बारीक फुगे. डॉक्टर मॅडमनी नंतर कागदावर काढून समजावलं, की ज्या बीजातून हे झालं त्यात आईकडचे क्रोमोसोम नव्हतेच, सगळेच्या सगळे 46 वडिलांकडचे, त्यामुळे बाळ तयारच झालं नाही आणि वार तेवढी वेडीवाकडी वाढत गेली, आणि वारेतूनच हे हार्मोन बनतं म्हणून उलट्या तशा. पपई, ग्रहण, स्कूटर, कशाचाही संबंध नाही. हे त्यांनी सासूबाईंच्या समोर सांगितलं ह्याचे मी आयुष्यभर उपकार मानेन.

आता घरातलं म्हणणं असं की तब्येत छान आहे, पाळी आली, मग दर आठवड्याला सुई कशाला. पण हा आजार बाहेरून दिसतच नाही ना! पूर्ण मोल, म्हणजे माझ्यासारखा बाळ अजिबात नसलेला द्राक्षगर्भ, असेल तर 100 पैकी 15 ते 20 जणींमध्ये त्या पेशी आत राहून परत वाढायला लागतात, आणि ते आधी कळतं ते ह्या आकड्यावरूनच. तो तीन आठवडे एकाच जागी अडकून बसला किंवा चढायला लागला तर पुढचे उपचार, बहुतेक वेळा मेथोट्रेक्सेटची, म्हणजे त्या पेशींची वाढ थांबवणाऱ्या औषधाची, इंजेक्शनं. वेळेवर पकडलं तर जवळजवळ सगळ्याच बऱ्या होतात, आणि वेळेवर पकडायचं म्हणजे रक्त द्यायचं, दुसरा मार्ग नाही. आणि शक्यतो एकाच लॅबमध्ये, कारण प्रत्येकाची मशीन वेगळी, आकडे थोडे इकडेतिकडे होतात आणि मग जीव टांगणीला. ओळीने तीन आठवडे नॉर्मल आला की महिन्यातून एकदा, मॅडमनी मला सहा महिने सांगितलेत.

दिवस न राहण्याच्या गोळ्यांवरून आज पुन्हा विषय निघाला. मामी म्हणाल्या लगेच दुसरा चान्स घ्या, मन रमेल. त्यांच्या मनात काही वाईट नाही, पण मध्येच दिवस गेले तर बीटा चढणारच, मग तो बाळामुळे चढला की जुन्या आजारामुळे हे कळायचं कसं? एवढं एकच वाक्य मी त्यांना शांतपणे सांगितलं आणि ह्यावेळी ह्यांनीही मान डोलावली, नाहीतर एरवी ते गप्प बसतात. रडायचं राहूनच गेलंय असं कधीकधी वाटतं, कारण बाळ गेलं म्हणून कोणी भेटायला आलं नाही, सगळे रिपोर्टच विचारतात. पण मला ते बाळच वाटत होतं, नाव पण मनात होतं.

पुढच्या खेपेला परत असंच व्हायची शक्यता 100 मध्ये एखाद-दोन, बाकी सगळं व्यवस्थित होऊ शकतं. फक्त तेव्हा सोनोग्राफी लवकर करायची, आणि बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी परत एकदा बीटा बघायला सांगितलाय. तेव्हा बाळाच्या गडबडीत कोणाच्या लक्षात राहणार नाही, म्हणून आजच फाइलच्या पहिल्या पानावर लाल पेनाने लिहून ठेवलं.