फुकटचं छप्पर

टेक्ससमधल्या डॅलसच्या उत्तरेकडच्या गावांत राहणाऱ्यांना हे नव्याने सांगायला नको. मार्च ते मे कधीतरी गारा पडतात, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पोलो शर्टातली पोरं गल्लीत फिरायला लागतात. ट्रकवर शिडी, हातात टॅबलेट. "तुमच्या शेजाऱ्याचं रूफ आम्हीच करतोय, तुमचंही फुकट तपासून देतो." शेजाऱ्याला विचारावं, तर त्याला त्यांनी माझं नाव सांगितलेलं असतं!

आमच्या सावंतवाडीला मे महिन्यात कौलं परतायला येणारा गडी वर्षानुवर्षं तोच. त्याचं घर कुठे आहे हे आजीला ठाऊक असायचं. इथे मी आधी ट्रकची नंबरप्लेट बघते. टेक्ससमध्ये नखं रंगवायला लायसन्स लागतं, रूफ घालायला राज्याचं कुठलंच लागत नाही.

यंदा आलेला मुलगा बोलायला गोड होता. "वर चढायची परवानगी म्हणून फक्त इथे सही." मी म्हटलं, आधी वाचू दे. तो बोटाने पान झरझर खाली सरकवत होता, मी परत वर नेत होते. मधेच सापडलं: विमा कंपनीने छपराचा क्लेम मंजूर केला तर काम यांच्याकडेच. म्हणजे परवानगी कसली, करारच तो. (अशी सही कुणी करून बसलं असेल तर घाबरू नका. घरी येऊन करून घेतलेला करार तिसऱ्या कामकाजाच्या दिवशी मध्यरात्रीपर्यंत रद्द करता येतो, तसा केंद्राचा नियम आहे. पण लेखी कळवा.)

मग त्याने हुकमी पान टाकलं. "डिडक्टिबलची काळजी करू नका, ते आम्ही बघतो." (डिडक्टिबल म्हणजे नुकसानातला आपण भरायचा वाटा; विमा कंपनी त्यावरचंच देते.)

हे मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरही दर वर्षी येतं: अमक्याने केलं, आठ हजार वाचले. वाचले कुठून? वारा-गारांचं डिडक्टिबल इथे बहुतेकदा टक्क्यांत असतं. घराचा विमा चार लाख डॉलरचा आणि डिडक्टिबल 2 टक्के, तर 8,000 डॉलर आपल्या खिशातून जातात. रूफर ते सोडतो म्हणजे एक तर विमा कंपनीला फुगवलेलं बिल जातं, नाहीतर शिंगलखाली (छपरावरच्या खडेदार डांबरी पट्ट्यांखाली) जे दिसत नाही त्यात तो हात मारतो. 1 सप्टेंबर 2019 पासून डिडक्टिबल असं माफ करणं टेक्ससमध्ये गुन्हा आहे. तुम्ही ते भरल्याचा पुरावा मागायचा, आणि तो मिळेपर्यंत घसाऱ्याची राखून ठेवलेली रक्कम (छप्पर जुनं म्हणून आधी कापलेली, काम झाल्यावर मिळणारी) अडवायची, ही मुभा कंपनीला कायद्याने दिली आहे. आठ हजारांपायी ती रक्कमच अडकून बसायची. "सगळेच करतात" हे मला पटत नाही.

"इन्शुरन्सशी आम्हीच बोलू" हेही तसंच. ज्याला काम मिळणार त्याने क्लेमची घासाघीस करायची नाही, हा नियम राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने 2024 मध्ये कायम ठेवला.

त्या मुलाला थंड पाणी दिलं आणि वाटेला लावलं. मग गावातच दुकान असलेल्या एका रूफरला बोलावलं. त्याने उतारावर खडूने दहा बाय दहा फुटांचा चौकोन आखला आणि आतल्या एकेका खुणेभोवती गोल काढले. गार बसते तिथले खडे उडून काळा डाग उरतो, तो दाबला की पिकल्या केळ्यासारखा मऊ लागतो. पण त्याआधी तो पन्हाळीपाशी आणि पत्र्याच्या व्हेंटपाशी (छपरावरच्या हवा जायच्या वाटेपाशी) वाकला होता. "गार पत्र्याला सोडत नाही. शिंगलवर खुणा आणि पत्रा साफ असेल, तर हातोडी कुणाची ते विचारायचं."

आमच्या व्हेंटला पोचे होते, शिंगलवर मोजून चार डाग. डिडक्टिबलच्या जवळपासही नुकसान नव्हतं, म्हणून क्लेम केलाच नाही. व्हेंट बदलून घेतला. दोन दिवसांनी दुसरा पोलो शर्ट आला. त्याच्या मते अख्खं रूफ गेलं होतं, आणि हे त्याने अंगणात उभं राहूनच ओळखलं होतं.