शुद्ध झालेल्या पाण्याची पुढची वाट

सांडपाण्याच्या पुनर्वापराचा विषय निघाला की चर्चा बहुतेक वेळा शुद्धीकरणाच्या यंत्रांभोवतीच फिरत राहते. माझ्या मते तो भाग आता बराचसा सुटलेला आहे. सांडपाण्यात 99 टक्क्यांहून अधिक पाणीच असते. त्यातील सेंद्रिय घाण जिवाणूंच्या पोटात घालायची, गाळ तळाशी बसवायचा, पाणी वाळूच्या थरातून गाळायचे आणि क्लोरीनने किंवा अतिनील किरणांनी निर्जंतुक करायचे, ही रीत कित्येक दशके वापरात आहे. घोडे अडते ते शुद्धीकरण केंद्राच्या फाटकाबाहेर. हे पाणी कोणापर्यंत न्यायचे, कोणत्या नळातून न्यायचे आणि ज्या दिवशी कोणालाच नको असेल त्या दिवशी ठेवायचे कुठे, यावर व्यवस्था वाढणार की कागदावर राहणार, हे ठरते.

साठवणीचेच घ्या. सांडपाणी बाराही महिने सारखेच येते. पिकाला मात्र पावसाळ्यात त्याची गरज नसते. रोज 1 कोटी लिटर पाणी देणाऱ्या लहानशा केंद्राचे 120 दिवसांचे पाणी राखून ठेवायचे म्हटले, तर 6 मीटर खोलीचे सुमारे 20 हेक्टरांचे तळे लागते. शिवाय नत्र (नायट्रोजन) आणि स्फुरद (फॉस्फरस) असलेले पाणी उन्हात उघडे राहिले की त्यात शेवाळ धरते, म्हणजे गाळून आणलेले पाणी पुन्हा गाळणे आले. इस्रायलमधील शाफदान प्रकल्पाने यावर जमिनीचाच उपयोग केला. तेथे प्रक्रिया केलेले पाणी वालुकामय जमिनीत मुरवतात, काही महिने भूगर्भात राहू देतात आणि मग उपसून दक्षिणेकडील नेगेव्हच्या शेतांना पुरवतात. साठवण आणि जादा शुद्धीकरण एकाच जागी होते. मात्र त्यासाठी तशी जमीन नशिबात असावी लागते.

अशा पाण्यावर चालणाऱ्या ठिबक सिंचनाची एक लॅटरल, म्हणजे पिकाच्या ओळीतून जाणारी बारीक नळी, मी एकदा ब्लेडने चिरून पाहिली होती. आतल्या बाजूला बोटाला बुळबुळीत लागणारा करडा थर होता आणि ड्रीपरची, म्हणजे थेंब सोडणाऱ्या तोंडाची, नागमोडी वाट त्याच थराने निम्मी बुजली होती. पाणी बाटलीत धरले असता अगदी नितळ दिसत होते. तेव्हापासून मी पाण्याच्या नितळपणापेक्षा फिल्टर कितीदा धुतला जातो आणि लॅटरल धुण्यासाठी तिची टोके कधी उघडली जातात, हे आधी विचारतो.

खताचा हिशेबही असाच दुधारी आहे. लिटरमागे 20 मिलिग्रॅम नत्र असलेले 5,000 घनमीटर पाणी एका हेक्टरला दिले, तर पिकाला 100 किलो नत्र आपोआप मिळते. ही बचत खरीच आहे. पण पीक पक्व होण्याच्या वेळीही तेच नत्र येत राहते, पाला माजतो आणि फळ पिकणे लांबते. क्षारांचे दुखणे त्याहून चिवट आहे, कारण घरगुती वापरातून पाण्यात मिसळलेले मीठ नेहमीच्या प्रक्रियेने निघत नाही. बोरॉनचेही तेच, लिटरमागे 0.7 मिलिग्रॅमच्या वर ते गेले की लिंबूवर्गीय झाडांसारखी नाजूक पिके तक्रार करू लागतात. इस्रायलने म्हणूनच धुण्याच्या पावडरीतील बोरॉनवर बंधन घातले, आणि मला हा उपाय कोणत्याही महागड्या यंत्रापेक्षा शहाणपणाचा वाटतो.

उद्योगांना पाणी बारमाही लागते, त्यामुळे ग्राहक म्हणून ते शेतीला उत्तम पूरक ठरतात. अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटातील पालो व्हर्दे अणुऊर्जा केंद्र फिनिक्स परिसराच्या प्रक्रिया केलेल्या सांडपाण्यावरच थंड ठेवले जाते. सिंगापूरने 2003 मध्ये सुरू केलेले न्यूवॉटर, म्हणजे तेथील पुनर्वापराचे पाणी, सूक्ष्म गाळणी, रिव्हर्स ऑस्मोसिस आणि अतिनील किरण अशा तीन पायऱ्यांतून जाते, आणि सेमीकंडक्टरचे कारखाने त्याचे मोठे गिऱ्हाईक आहेत. मात्र पिकाला चालणारे पाणी कारखान्याला चालेलच असे नाही. शेतकऱ्याला हवासा वाटणारा स्फुरद कूलिंग टॉवरच्या पाण्यात कॅल्शियमशी जुळून उष्णता-विनिमयकाच्या नळ्यांवर कठीण थर चढवतो, तर अमोनिया तांब्याच्या मिश्रधातूंना खातो. सर्वांना सर्वांत कडक दर्जाचे पाणी देणे हा सोपा पण खर्चिक मार्ग. सरसकट एक दर्जा ठरवून उरलेली प्रक्रिया ज्याच्या त्याच्या दारात करणे मला अधिक व्यवहार्य वाटते.

विश्वासाला मात्र वेळ द्यावाच लागतो. कॅलिफोर्नियातील मॉन्टेरे भागात विहिरींमध्ये समुद्राचे खारे पाणी शिरू लागले, तेव्हा कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या भाज्यांवर शेतातच पाच वर्षे प्रयोग झाले, 1987 मध्ये अहवाल आला आणि सुमारे 12,000 एकरांना प्रत्यक्ष पाणी मिळाले ते 1998 मध्ये. हा विश्वास पिण्याच्या पाण्याच्या नळाशी झालेल्या एका चुकीच्या जोडणीनेही जाऊ शकतो. म्हणूनच अनेक ठिकाणी या पाण्याचे नळ जांभळे ठेवतात आणि नळांच्या दोन जाळ्यांपैकी एक बंद करून दुसऱ्यातील दाब उतरतो का, हे तपासतात.

नियोजनाच्या तक्त्यात एक रकाना मात्र सहसा कोराच असतो. आज वाया जाते असे आपण म्हणतो ते पाणी बहुधा एखाद्या नदीत सोडलेले असते, आणि कोरड्या महिन्यांत खालच्या अंगाचे शेतकरी तेच उपसत असतात. नवी पाइपलाइन टाकली की त्यांचा प्रवाह त्याच दिवशी आटतो. त्यांच्या पंपांची मोजदाद पाइपचा व्यास ठरवण्याआधी झाली पाहिजे.