डीटीपीचा जुना कॉम्प्युटर जसाच्या तसा वाचवला : क्लोनझिला, नवी एसएसडी आणि रिस्टोअर, माझा अनुभव

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला. ज्यांच्याकडं नवे लॅपटॉप होते त्यांनी ११ टाकून विषय मिटवला, पण माझ्यासारख्या घरून डीटीपी, म्हणजे कॉम्प्युटरवर पत्रिका-अहवालांची पानं लावायचं काम, करणाऱ्यांचा प्रश्न नुसता विंडोजचा नाही. माझ्या मशीनमधे सहाव्या जनरेशनचा आय-फाईव्ह आहे, आणि विंडोज ११ ला इंटेलचा साधारण आठव्या जनरेशनपासून पुढचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते. काहीतरी युक्ती करून जुन्या मशीनवर ११ टाकणारे लोक आहेत, पण ज्या मशीनवर घर चालतं तिथं मला असली युक्ती नको होती.

त्या मशीनवर आहे काय ते आधी सांगते, म्हणजे पुढचं सगळं कळेल. पानं लावायचं सॉफ्टवेअर पेजमेकर ७ आहे, जे २००१ साली आलं आणि त्याच्यापुढं पेजमेकर निघालंच नाही, डिझाईनचं जुनं कोरल आहे, आणि यूएसबी लॉकवालं, म्हणजे ठरावीक यूएसबी लावल्याशिवाय न चालणारं, मराठी फॉन्टचं सॉफ्टवेअर आहे. ज्याच्याकडून घेतलं तो माणूस आता या धंद्यात नाही, सीडीला बुरशी आलीय. माझ्या सगळ्या फाईली युनिकोडच्या, म्हणजे आता सगळीकडं चालणाऱ्या अक्षरपद्धतीच्या, आधीच्या फॉन्टमधल्या, म्हणजे तो फॉन्ट नसेल तर सप्रेम नमस्काराच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा नुसता कचरा दिसतो. त्यामुळं फाईली पेनड्राईव्हवर घेतल्या की झाला बॅकअप, हे माझ्या कामात खरं नाही. फाईल आहे पण उघडणारं मशीन नाही, तर ती फाईल असून नसल्यासारखीच. मला अख्खं मशीन हवं होतं, विंडोज, फॉन्ट, लॉकचे ड्रायव्हर, प्रिंटरच्या सेटिंगसकट.

भाचा म्हणाला, "आत्या, फॉरमॅट मारूया की, संध्याकाळपर्यंत मोकळं." त्याला म्हटलं, "फॉरमॅट मारशील रे, पण पेजमेकर परत कुठनं आणणार?" मग तोही गप्प बसून माझ्याबरोबर वाचायला लागला. या कामात त्याची खूप मदत झाली, विशेषतः कॅबिनेट उघडून केबल काढणं-घालणं सगळं त्यानं केलं.

कधी करायचं हेही बघावं लागतं. ऑगस्ट-सप्टेंबरमधे दूध संस्था, सेवा सोसायट्या, पतसंस्था सगळ्यांचे अहवाल एकदम येतात कारण वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यायची असते, त्या काळात मशीनला हात लावणं शक्यच नाही. आणि तुळशीचं लग्न लागलं की पत्रिकांची गर्दी. मधला दिवाळीनंतरचा जो मोकळा वेळ मिळतो त्यात बसवलं.

सुरुवात जुन्या हार्डडिस्कपासून केली. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, ते डिस्कची तब्येत दाखवतं. माझ्या ५०० जीबीच्या डिस्कवर निळ्याच्या जागी पिवळं आणि कॉशन असं आलं, पेंडिंग सेक्टर म्हणजे वाचताना अडखळणारे भाग तयार झाले होते. अशा वेळी पहिलं काम इमेज (अख्ख्या डिस्कची जशीच्या तशी नक्कल) बिमेज काही नाही, पहिलं काम म्हणजे महत्त्वाच्या फाईली साध्या कॉपी पेस्टनं दुसऱ्या डिस्कवर काढणं, कारण इमेज घेताना डिस्क तासन् तास सलग वाचली जाते आणि दमलेली डिस्क त्यातच मान टाकू शकते. चालू गिऱ्हाइकांच्या फाईली आणि फॉन्टचं फोल्डर आधी काढलं, मग पुढं.

नवीन एसएसडी, म्हणजे हार्डडिस्कच्या जागी बसणारी वेगवान डिस्क, घेताना दुकानदार म्हणाला, "ताई, तुमचा डेटा दोनशे जीबी पण नाही, ४८० ची भरपूर झाली." त्याचं म्हणणं एरवी बरोबरच आहे. पण इमेज घेणाऱ्या क्लोनझिला या सॉफ्टवेअरचा नियम असा की ज्या डिस्कवर रिस्टोअर करायचं, म्हणजे इमेज परत उतरवायची, ती मूळ डिस्कएवढी किंवा मोठी पाहिजे, आत डेटा किती आहे ते तो बघत नाही, अख्ख्या डिस्कची साईज बघतो. पार्टिशन, म्हणजे डिस्कचे आतले भाग, लहान करून आणि एक्स्पर्ट मोडमधे साईजची तपासणी बंद करून वाट काढता येते, पण विंडोजचं रिकव्हरी पार्टिशन बऱ्याचदा डिस्कच्या अगदी शेवटी असतं आणि तिथं सगळं फिसकटतं. ५१२ ची घेतली, प्रश्न मिटला. माझं स्पष्ट मत आहे, इथं चार पैसे वाचवू नका.

विंडोजमधे दोन गोष्टी करून घ्याव्या लागतात. एक म्हणजे फास्ट स्टार्टअप बंद करणं. हे चालू असलं की शटडाऊन केल्यावर विंडोज पूर्ण बंद होत नाही, अर्धवट झोपतं, आणि त्या अवस्थेतल्या पार्टिशनची इमेज घ्यायला क्लोनझिला कुरकुर करतो. कंट्रोल पॅनेलमधे पॉवर ऑप्शन्समधे जाऊन टिक काढायची. दुसरं म्हणजे डिस्कमधल्या चुका तपासणारं विंडोजचं चेकडिस्क चालवणं. ज्यांच्याकडं नवे लॅपटॉप आहेत त्यांनी तिसरी गोष्टही बघा, बिटलॉकर किंवा डिव्हाईस एन्क्रिप्शन (डिस्कला कुलूप लावणारी सोय) चालू आहे का, असेल तर ती ४८ आकडी रिकव्हरी की आधी कागदावर लिहून ठेवा. माझ्याकडं ते नव्हतं.

मग क्लोनझिला. हे तैवानच्या एका सरकारी कॉम्प्युटिंग सेंटरमधल्या लोकांनी बनवलेलं फुकट साधन आहे, पेनड्राईव्हवरून थेट चालतं, विंडोजच्या बाहेर. पेनड्राईव्ह व्हेंटॉय नावाच्या साधनानं केला, त्याचा फायदा असा की एकाच पेनड्राईव्हवर क्लोनझिला, लिनक्स मिंट (विंडोजसारखीच पण फुकट सिस्टिम) सगळ्यांच्या आयएसओ फाईली नुसत्या कॉपी करायच्या आणि चालू होताना मेनूतनं निवडायचं. फाईल डाऊनलोड केल्यावर तिचा एसएचए-२५६ चेकसम, म्हणजे फाईल पूर्ण आहे का ते ओळखायचा आकडा, साईटवरच्या आकड्याशी जुळवून बघितला, अर्धवट उतरलेल्या फाईलवर विसंबून इतकं मोठं काम करायला नको.

क्लोनझिला दिसायला निळा करडा स्क्रीन, माऊस नाही, बाणांची बटणं आणि एंटर. बघून भीती वाटते पण प्रत्येक स्क्रीन शांतपणे वाचला की काही अवघड नाही. डिव्हाईस-इमेज निवडायचं, म्हणजे डिस्कची इमेज बनवून दुसरीकडं ठेवायची. मग तो विचारतो इमेज ठेवायची कुठं, तिथं लोकल डिव्हाईस, आणि आता एक्स्टर्नल डिस्क लावायची. मग सेव्हडिस्क, इमेजला नाव, आणि कुठल्या डिस्कची इमेज घ्यायची ते. इथं डिस्कची नावं एसडीए, एसडीबी अशी येतात, सी ड्राईव्ह डी ड्राईव्ह नाही, म्हणून शेजारी लिहिलेली साईज आणि कंपनीचं मॉडेल नाव बघूनच ठरवायचं. शेवटी विचारतो, इमेज रिस्टोअर होण्यासारखी आहे का हे तपासू का. हो म्हणा. वेळ लागतो, लागू दे.

माझ्या डिस्कवर ते पेंडिंग सेक्टर होते तिथं इमेज घेणं एररवर थांबलं. इथं बरेच लोक नाद सोडून देतात, पण एक्स्पर्ट मोडमधे रेस्क्यू नावाचा पर्याय आहे, तो लावला की खराब जागा सोडून पुढं जातो. त्या सोडलेल्या जागेत नेमकी कुठली फाईल होती ते तेव्हा कळत नाही, ती धाकधूक शेवटपर्यंत राहते. पण फाईली आधीच कॉपी करून ठेवल्या होत्या म्हणून मी निर्धास्तपणे पुढं गेले. क्लोनझिला फक्त वापरलेली जागा घेतो, रिकामी जागा घेत नाही, त्यामुळं इमेज डिस्कपेक्षा पुष्कळ लहान झाली.

आता रिस्टोअर, आणि मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते याच्यावर. आपल्याकडं बॅकअप घेतात सगळे, घेऊन कपाटात ठेवतात, आणि तो परत उतरतो का हे कळतं कधी, तर डिस्क उडाल्यावर. गिऱ्हाईक दारात बसलंय, लग्न दहा दिवसांवर आलंय, आणि त्या वेळी पहिल्यांदा रिस्टोअर करायला बसायचं, हे माझ्या मनाला कधीच पटलं नाही. म्हणून जुनी डिस्क चालू स्थितीत असतानाच इमेज नव्या एसएसडीवर उतरवायची असं ठरवलं होतं. उतरली तर उत्तम, नाही उतरली तरी जुनी आहेच.

भाच्यानं जुन्या डिस्कची केबल काढून टाकली, नुसती एसएसडी ठेवली. ही केबल काढायची गोष्ट कुणी टाळू नका. रिस्टोअर ज्या डिस्कवर करतो तिच्यावरचं सगळं जातं, क्लोनझिला दोनदा विचारतो, तुम्ही दोनदा वाय दाबता, आणि डिस्क चुकीची असेल तर मूळच पुसलं जातं. केबलच नसेल तर चुकायला जागाच नाही. शिवाय रिस्टोअर झाल्यावरही दोन्ही डिस्क एकदम जोडून चालू करू नयेत, दोघींची ओळख तंतोतंत एकच असते आणि विंडोज गोंधळतं.

लाईटचं म्हणाल तर, इमेज घेताना लाईट गेली तर फार बिघडत नाही, मूळ डिस्क नुसती वाचली जात असते, परत पहिल्यापासून घ्यायची. पण रिस्टोअर आणि पार्टिशन लहान-मोठं करणं हे यूपीएसशिवाय करू नये.

रिस्टोअर झालं, पेनड्राईव्ह काढला, चालू केलं, आणि माझं नेहमीचं डेस्कटॉप समोर आलं, आयकॉन जिथल्या तिथं. विंडोजचं लायसन्स मदरबोर्डशी बांधलेलं असतं त्यामुळं डिस्क बदलल्यावर काही मागितलं नाही. यूएसबी लॉक लावलं, लागलं. मग चेकडिस्क चालवलं, आणि बसून जुन्यात जुन्या फाईली उघडल्या, एका दूध संस्थेचा अहवाल, काही पत्रिका, जोडाक्षरं नीट दिसतात का, रफार जागेवर आहे का, प्रिंट काढून बघितली. सगळं व्यवस्थित. आमचे हे बाहेरून आले तर मी प्रिंट हातात घेऊन नुसती बघत बसले होते, इतका आनंद झाला होता.

पुढचा भाग म्हणजे विंडोज १० इंटरनेटवर किती दिवस वापरायचं. मायक्रोसॉफ्टनं घरगुती वापरासाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत जादा सिक्युरिटी अपडेटची सोय ठेवली आहे, पण तीही एक दिवस संपणारच. मी असं ठरवलं की विंडोज फक्त डीटीपीसाठी, नेट बंद, आणि ईमेल, बँक, गिऱ्हाइकाच्या फाईली उतरवणं सगळं लिनक्स मिंटवर. विंडोजमधूनच डिस्क मॅनेजमेंटमधे पार्टिशन लहान केलं. विंडोज नीट लहान होऊ देत नव्हतं, मधे कुठंतरी न हलणाऱ्या फाईली असतात, तेव्हा विंडोजमधल्या हायबरनेशन आणि सिस्टिम रिस्टोअर या सोयी तात्पुरत्या बंद केल्यावर जागा सुटली. मग मिंट २२, जे २०२९ पर्यंत अपडेट देणार आहे, ते शेजारी इन्स्टॉल केलं. आपल्या फाईली असतात ते होम फोल्डर वेगळ्या पार्टिशनवर ठेवलं म्हणजे उद्या मिंट परत टाकायची वेळ आली तरी फाईलींना धक्का नाही.

एक गंमत झाली, मिंट वापरून विंडोजमधे गेलं की घड्याळ साडेपाच तास मागं. लिनक्स मशीनच्या आतल्या घड्याळात जागतिक वेळ ठेवतं आणि विंडोज तीच स्थानिक वेळ समजतं, आपली वेळ साडेपाच तास पुढं, म्हणून बरोबर तेवढाच फरक. मिंटमधे टर्मिनलवर एका ओळीत स्थानिक वेळ वापरायला सांगता येतं, तेवढं केलं.

मिंटमधलं टाईमशिफ्ट मला फार आवडलं. सिस्टिमचे स्नॅपशॉट, म्हणजे त्या वेळच्या स्थितीच्या नकला, ठेवतं, अपडेटनं काही बिघडलं की मागं जाता येतं. पण दोन गोष्टी लक्षात घ्या. ते आपल्या फाईलींचा बॅकअप घेत नाही, होम फोल्डर मुळात वगळलेलं असतं, आणि स्नॅपशॉट ठेवायला ईएक्सटी४ सारखं लिनक्सचं पार्टिशन लागतं, विंडोजच्या एनटीएफएसवर जमत नाही. म्हणून एक्स्टर्नल डिस्कचे दोन भाग केले. टाईमशिफ्टचं रिस्टोअरही मुद्दाम करून बघितलं, पेनड्राईव्हवरून मिंट चालू करून, काहीही बिघडलेलं नसताना.

राहिला प्रश्न ही डिस्क ठेवायची कुठं. आमचं घर कोल्हापुरात उत्तरेश्वर पेठेत. २०१९ च्या ऑगस्टमधे राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली, धोक्याची पातळी ४३ फूट आहे, २०२१ ला परत तेच. कॉम्प्युटर आणि बॅकअप एकाच खोलीत एकाच टेबलाखाली असतील तर दोन्ही एकदम पाण्यात जाणार. म्हणून दुसऱ्या डिस्कवर तीच इमेज आणि फाईली, आणि ती आर. के. नगरात ताईकडं, उंचावर. ताईकडं जाणं-येणं असतंच, त्या वेळी डिस्क बदलून आणते. जुनी ५०० जीबीची डिस्कही मी पुसली नाही, लेबल लावून तिथंच ठेवलीय. घरातली डिस्कही काम झालं की केबल काढूनच ठेवते, कारण जोडलेली डिस्क व्हायरसच्या तावडीत मशीनबरोबरच सापडते.

ताईनं विचारलं, "अगं, दागिने ठेवावेत तसं हे काय ठेवायला आणतीस?" तिला म्हटलं, यात अख्ख्या पेठेच्या पत्रिका आहेत, कपाटात वरच्या कप्प्यात ठेव, खाली नको.

आता अहवालाचा सिझन सुरू व्हायच्या आधी, जूनमधे, परत एक ताजी इमेज घेणार आहे. आणि जे गिऱ्हाईक दरवर्षी येतं त्याच्या फाईली हळूहळू युनिकोडमधे आणायला सुरुवात केलीय, कन्व्हर्टरमधून काढून लिब्रेऑफिसमधे एकेक पान वाचून, कारण ऱ्हस्व-दीर्घ आणि रफार कन्व्हर्ट होताना हमखास सरकतात आणि ते माणसानंच बघावं लागतं.